अख्खी बादली कशाला? धार सोडा की!

तुमच्या बाबतीत झालंय का असं? प्रोजेक्टचा व्हिडिओ अपलोडला लावला, डेडलाइनला दोन-अडीच तास बाकी, चहा करून आलात, बघताय तर लॅपटॉप गार पडलेला. कर्सर हलेना. पंखा मात्र घोंघावतोय. अशा वेळी आपण सगळ्यात आधी कुणाला शिव्या घालतो? नेटला. मग रेंजला. मग वायफायचा पासवर्ड शेजाऱ्याला देणाऱ्या रूममेटला.

आमच्या बाबतीत जानेवारीत हेच झालं, आणि त्या रात्री कळलं की नेट बिचारं निर्दोष होतं. चूक वेगळीकडंच होती. ती इतकी साधी आणि इतकी सगळीकडं सापडणारी आहे की तुमच्यापैकी जे कोड लिहितात, उद्या लिहिणार आहेत किंवा नुसतंच अपलोडचं बटण दाबून देवाचं नाव घेतात, त्या सगळ्यांना ती माहीत असायला हवी. घाबरू नका, मीसुद्धा मास कॉमचा आहे. मला समजलं म्हणजे तुम्हाला नक्की समजेल.

रात्रीचे साडेनऊ

आमच्या ग्रुपनं गुऱ्हाळावर एक छोटी डॉक्युमेंटरी केली होती. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळघरावर चार दिवस धुरात बसून शूटिंग केलं. एडिटिंग करणारा मित्र पुण्यात. मोफत क्लाउडची जागा केव्हाच संपलेली, म्हणून त्यानं स्वतःचा छोटा सर्व्हर घेतला आणि आम्हाला पायथनची एक स्क्रिप्ट पाठवली. "फक्त रन कर, तीन फाइल एकदमच येतील," असं म्हणाला. एक व्हिडिओ १.९ जीबीचा, सोबत ऑडिओ आणि फोटोंची झिप मिळून अजून ४०० एमबी. रात्री बाराच्या आत फाइल पोचल्या तरच सकाळच्या सबमिशनला कट तयार होणार होता.

माझा लॅपटॉप चार जीबी रॅमचा. दादानं वापरून दिलेला. स्क्रिप्ट लावली आणि दोन मिनिटांत तो गोठला. रीस्टार्ट केला, परत गोठला. तिसऱ्यांदाही तेच. अकरा वाजत आले तेव्हा कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला.

"काय करायलाईस रे एवढ्या रात्री?"

"अपलोड होईना झालंय. नेट गंडलंय वाटतं."

"नेटला कशाला बोल लावतोस? परत स्क्रिप्ट लाव आणि टास्क मॅनेजर उघडून ठेव. मेमरी किती दाखवतंय?"

"चढायलीय... पंचाऐंशी, नव्वद... अठ्ठ्याण्णव टक्के."

"आणि नेटवर्क?"

"शून्य."

"मग? अजून एक बाइटसुद्धा घराबाहेर पडलेला नाही भावा. तुझा लॅपटॉप अजून बादलीच भरत बसलाय. बंद कर आधी ते. आणि स्क्रिप्ट पाठव मला, मी बघतो."

(हो, 'बघतो'च. कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात. पुण्याहून इथं शिकायला आलेल्यांनी सवय करून घ्या.)

वीस मिनिटांत स्क्रिप्ट परत आली. बदल किती? सात-आठ ओळींचा. सव्वाअकराला लावली आणि नेटवर्कचा आलेख पहिल्याच सेकंदाला वर गेला. स्क्रिप्टची मेमरी पन्नास-साठ एमबीच्या आसपास चढली आणि शेवटपर्यंत तिथंच राहिली. अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी तिन्ही फाइल पुण्यात होत्या. तोच लॅपटॉप, तेच नेट, त्याच फाइल.

मग बदललं काय?

गंगावेशेतला क्लास

दुसऱ्या दिवशी सकाळी उपकाराची परतफेड म्हणून तिला गंगावेशेतल्या दूध कट्ट्यावर नेलं. कोल्हापूरकरांना हा कट्टा सांगायला नको. बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. इथं म्हैस तुमच्यासमोर उभी असते, तुमच्यासमोर धार काढली जाते आणि फेसाळ दूध थेट तुमच्या हातात येतं. आमच्या तालमीतल्या पैलवानांचा हा जुना खुराक.

तिनं ग्लास पुढं करत विचारलं, "आता हे दूध आधी मोठ्या घागरीत, घागरीतनं कॅनमध्ये, कॅनमधनं ग्लासात असं आलं का? म्हैस पूर्ण पिळून होईपर्यंत तू थांबलास का?"

"नाही."

"सडातनं निघालं की तुझ्याकडं. यालाच आम्ही स्ट्रीमिंग म्हणतो."

आणि माझी ट्यूब पेटली. स्ट्रीमला आपल्याकडं शब्द आधीपासूनच आहे. धार. धारेतनं आलेलं गरम दूध ते धारोष्ण. आमच्या मित्राची पहिली स्क्रिप्ट धार काढत नव्हती. ती अख्खी १.९ जीबीची फाइल आधी डिस्कवरनं उचलून रॅममध्ये भरत होती. पूर्ण भरली की मगच पाठवायला सुरुवात करणार होती. रॅम चारच जीबी, त्यातली निम्मी विंडोज आणि ब्राउझरनं आधीच खाल्लेली. मग विंडोज रॅममधला माल डिस्कवर ढकलायला लागलं. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू, म्हणून सगळं मशीन जागच्या जागी थांबलं. पुण्याच्या मित्राला हे कधी दिसलंच नाही, कारण त्याच्या मशीनला सोळा जीबी रॅम आहे. तिथं बादली आरामात मावत होती.

नवीन स्क्रिप्ट काय करते? फाइलमधनं ६४ केबीचा एक तुकडा वाचते, पाठवते, मग पुढचा तुकडा वाचते. १.९ जीबीच्या व्हिडिओचे असे साधारण २९ हजार तुकडे होतात. पण एका वेळी हातात असतात ते एक-दोनच. फाइल २ जीबीची असो की २० जीबीची, मेमरी तेवढीच लागते.

ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं की बागेतल्या पाण्याच्या पाइपला जसा पुढचा तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ते युनिक्समध्ये प्रत्यक्ष आणलं आणि त्याचं नावच पडलं 'पाइप'. आपल्याला तर हे शिकवायलाही नको. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनची चर्चा ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. २०२३ च्या दिवाळीत ते पाणी पुईखडीला पोचलं. सुमारे ५३ किलोमीटरच्या त्या पाइपलाइनसाठी कुणी आधी अख्खं धरण टँकरमध्ये भरून घेतलं नव्हतं.

सर्व्हरला कसं कळतं, संपलं म्हणून?

इथं मला एक शंका आली. समोरचा सर्व्हर ओळखणार कसं की एवढंच होतं, आता संपलं?

ब्राउझर किंवा स्क्रिप्ट सर्व्हरला जी विनंती पाठवते तिचे दोन भाग असतात. वर हेडर, म्हणजे पार्सलवरची चिठ्ठी. खाली बॉडी, म्हणजे आतला माल. एरवी चिठ्ठीवर 'कंटेंट-लेंग्थ' लिहिलेली असते, म्हणजे माल इतके बाइट. सर्व्हर तेवढे मोजून घेतो आणि थांबतो.

पण माल किती ते आधी माहीतच नसेल तर? समजा, तुम्ही फोनवर मराठीत बोलून टाइप करताय आणि आवाज सर्व्हरवर जातोय. तुम्ही किती वेळ बोलणार हे फोनला कुठं ठाऊक असतं? यासाठी एचटीटीपी १.१ मध्ये, म्हणजे १९९७ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या नियमावलीतच एक सोय करून ठेवलेली आहे. तिचं नाव चंक्ड ट्रान्सफर एन्कोडिंग. चिठ्ठीवर एकूण लांबी लिहायची नाही, 'तुकड्यांनी येतंय' एवढंच लिहायचं. मग प्रत्येक तुकड्याच्या आधी त्या तुकड्याची लांबी आणि शेवटी शून्य लांबीचा तुकडा. शून्य दिसलं की सर्व्हर समजतो, कार्यक्रम संपला.

गंमत म्हणून 'कोल्हापूर' हा एकच शब्द पाठवून बघू. यात काना, उकार, हलन्त धरून नऊ युनिकोड चिन्हं आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. झाले २७ बाइट. ही लांबी सोळाच्या पाढ्यात, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये लिहायची असते, म्हणून २७ ऐवजी जातं '१बी'. मग नवीन ओळ, मग कोल्हापूर, परत नवीन ओळ, मग शून्य. एवढंच ते सगळं गौडबंगाल.

नंतरच्या एचटीटीपी २ मध्ये, म्हणजे २०१५ पासून, ही चंक्डची पद्धत राहिली नाही. तिथं सगळाच माल 'फ्रेम' नावाच्या तुकड्यांतनं जातो. म्हणजे धार हाच तिथला नेम झाला.

एक टीप लगेच घ्या. फाइल डिस्कवर असेल तर तिची लांबी आपल्याला आधीच कळते. मग कंटेंट-लेंग्थ लिहूनही धार सोडता येते. काही सर्व्हर लांबी लिहिल्याशिवाय माल घेतच नाहीत. ते ४११ नंबरचा एरर देतात, त्याचा अर्थच 'लांबी सांगा'. त्यामुळं लांबी माहीत असेल तर लिहून मोकळं व्हा.

कुकरच्या शिट्ट्या

आता दुसरा शब्द. असिंक. आमच्या स्क्रिप्टमध्ये तीन फाइल 'एकदम' जाणार होत्या, ते याच्या जोरावर.

घरी आई स्वयंपाक करताना बघा. कुकर लावला की ती तीन शिट्ट्या होईपर्यंत कुकरकडं बघत उभी राहते का? भाजी चिरते, कणीक मळते, मधेच तुम्हाला दोन शब्द सुनावते. शिट्टी झाली की कान तिकडं. माणूस एकच, कामं तीन, आणि एकही काम दुसऱ्यासाठी खोळंबत नाही. असिंक प्रोग्रॅम असाच वागतो. पाठवलेला तुकडा नेटवर्कनं स्वीकारेपर्यंत बराच वेळ नुसतं थांबायचं असतं. त्या वेळात तो दुसऱ्या फाइलचा तुकडा पुढं सरकवतो.

पायथनमध्ये हे लिहिण्याचे 'असिंक' आणि 'अवेट' हे शब्द २०१५ च्या ३.५ आवृत्तीत आले. २०१६ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ३.६ नं त्यात असिंक जनरेटर दिला. जनरेटर म्हणजे असं फंक्शन जे सगळं एकदम परत देत नाही. 'यील्ड' म्हणत एक तुकडा देतं आणि तिथंच थांबतं. पुढचा मागितला की पुढं चालतं. म्हणजे सरळ सरळ धार काढणारा हात.

मैत्रिणीनं नेमकं काय बदललं, तेही सांगतो. मित्राच्या स्क्रिप्टमध्ये एचटीटीपीएक्स नावाच्या लायब्ररीचा असिंक क्लायंट होता. त्याला तो कंटेंट म्हणून अख्खी वाचलेली फाइल देत होता. तिनं एक असिंक जनरेटर लिहिला. फाइल उघड, ६४ केबी वाच, यील्ड कर, परत वाच, काहीच हाती आलं नाही तर थांब. आणि कंटेंटच्या जागी फाइलऐवजी हा जनरेटर ठेवला. संपलं काम.

यात दोन खाचखळगे आहेत. पहिला, असिंक क्लायंटला असिंक जनरेटरच लागतो. साधा जनरेटर दिला तर एचटीटीपीएक्स काम सुरू न करता एरर देतं. मला हा हट्टीपणा वाटला. पण विचार करा. साधा जनरेटर म्हणजे कुकरसमोर हात बांधून उभा राहणारा माणूस. तो थांबला की सगळं स्वयंपाकघर थांबणार. लायब्ररी ते दारातच अडवते.

दुसरा खळगा जास्त फसवा. फंक्शनपुढं 'असिंक' लिहिलं म्हणजे आतलं सगळं आपोआप असिंक होत नाही. आत फाइल साध्या पद्धतीनंच वाचली तर तेवढा वेळ बाकीची कामं थांबतातच. एका छोट्या तुकड्याला ते जाणवत नाही. पण डिस्क जुनी असेल आणि फाइल शंभर असतील तर नक्की जाणवतं. त्यासाठी एनीआयओ किंवा एआयओफाइल्ससारख्या लायब्ररी आहेत. त्या फाइल वाचण्याचं काम वेगळ्या थ्रेडकडं सोपवतात.

तोड आल्याशिवाय ऊस तोडू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिस्क फाइल झपाझप वाचते आणि आपलं अपलोड कासवाच्या गतीनं चालतं. मग वाचलेले तुकडे मधे साठत जाणार नाहीत का? साठले तर परत तीच बादली, फक्त हप्त्याहप्त्यानं भरलेली!

हे कोड्यात टाकणारं वाटलं तर गावाकडच्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारा. शेतात दोन एकर ऊस उभा आहे, म्हणून कुणी सगळा एका दिवसात तोडून टाकतं का? कारखान्याची गव्हाण दिवसाला जेवढा ऊस ओढते तेवढाच ओढणार. आधीच तोडून ठेवला तर फडात वाळणार आणि वजनाला मार खाणार. म्हणून कारखान्याकडनं तोड येते, मग टोळी फडात शिरते. घेणारा सांगतो, तेव्हा देणारा तोडतो.

इंटरनेटवरही हेच चालतं. ज्यावर साधी एचटीटीपी चालते त्या टीसीपीच्या नियमांत, म्हणजे १९८१ च्या जुन्या दस्तऐवजापासूनच, घेणारा प्रत्येक पोचपावतीबरोबर कळवत असतो की माझ्याकडं अजून इतक्या बाइटची जागा आहे. जागा संपली की पाठवणाऱ्यानं थांबायचं. पाठवणं थांबलं की आपल्या कोडमधला 'अवेट' थांबतो. अवेट थांबला की जनरेटर पुढचा तुकडा वाचत नाही. असा हा निरोप पुण्याच्या सर्व्हरपासून राजारामपुरीतल्या डिस्कपर्यंत मागं मागं येतो. संगणकवाले याला बॅकप्रेशर म्हणतात. आपण 'तोड' म्हणू, काही बिघडत नाही.

ही साखळी आपण स्वतःच तोडू शकतो. कशी? मधे बिनमर्यादेची रांग घालून. एक भाग फाइल वाचून रांगेत टाकतोय, दुसरा रांगेतनं काढून पाठवतोय आणि रांग किती लांब होऊ द्यायची ते कुणी ठरवलेलंच नाही. डेमोच्या दिवशी चालतं, खऱ्या फाइलवर झोपतं. रांग घालायची तर तिला मर्यादा घालाच.

धारेनं काय होत नाही

आता तुम्ही म्हणाल, एवढं भारी आहे तर सगळीकडं हेच वापरा. नाही. मैत्रिणीनं दुसऱ्या ग्लासाच्या वेळी मला जमिनीवर आणलं.

धार एकदाच निघते. निम्मी फाइल गेल्यावर सर्व्हर म्हणाला, 'इथं नको, त्या पत्त्यावर पाठव' किंवा 'आधी लॉगिन कर', तर जनरेटरमधला गेलेला माल परत येत नाही. अख्खी फाइल रॅममध्ये असती तर सहज परत पाठवता आली असती. धारेत मात्र फाइल पुन्हा पहिल्यापासून उघडून नवा जनरेटर द्यावा लागतो. म्हणून लॉगिन आणि पत्ता यांचा निकाल आधी लावायचा, मगच धार सोडायची.

आणि रेंज गेली तर धारही तुटते. २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवा. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. हायवे बंद, गल्लीत कमरेएवढं पाणी, वीज नाही. अशा वेळी गच्चीवरनं एखादा व्हिडिओ पाठवणाऱ्याची रेंज दर मिनिटाला येते-जाते. तिथं नुसती धार कामाची नाही. तिथं लागतं ते रिझ्यूम, म्हणजे जिथं तुटलं तिथनं पुढं. यूट्यूबला प्रोग्रॅममधनं व्हिडिओ चढवायची जी सोय आहे, तिच्यात हे आहे. तुटल्यावर सर्व्हरला विचारता येतं की 'तुझ्याकडं कुठपर्यंत आलंय?' आणि तिथनं पुढचे तुकडे पाठवता येतात. तुकडा २५६ केबीच्या पटीत असावा लागतो, एवढीच अट. 'टस' नावाचा खुला प्रोटोकॉलही याच कामासाठी आहे.

शिवाय काही कामांना अख्खा माल हातात लागतोच. आमच्याच डॉक्युमेंटरीत बघा ना. चरकातनं रस धारेनं येतो, पण गूळ करायचा तर काहिल भरावीच लागते. थेंबाथेंबानं गूळ होत नाही. कुठल्या कामाला काहिल लागते आणि कुठल्या कामाला धार पुरते, हे ओळखण्यातच खरं शहाणपण आहे. फाइल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणं हे उघड उघड धारेचं काम आहे.

'माझ्याकडं तर चालतंय'

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? मी काही इंजिनीअर होणार नाही. पण त्या रात्रीचे दोन तास अजून डोक्यातनं जात नाहीत.

मित्राची स्क्रिप्ट चुकीची नव्हती. ती त्याच्या मशीनवर उत्तम चालत होती. मी फोन केला तेव्हा त्यानं खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं विचारलं होतं, "माझ्याकडं तर चालतंय रे. तुझा लॅपटॉप बदल ना." मी क्षणभर गप्प झालो. लॅपटॉप बदल, असं सांगणं किती सोपं असतं! माझ्या वर्गात अशी पोरं आहेत जी लॅबमधल्या जुन्या पीसीवर रांग लावून काम करतात. गावाकडनं एसटीनं येतात, फोनवरच असाइनमेंट लिहितात आणि सबमिट करायला मित्राचा लॅपटॉप मागून घेतात. त्यांचा अर्ज, प्रोजेक्ट, पोर्टफोलिओ पोचला नाही तर कुणी कोड तपासत नाही. म्हणतात, 'वेळेत दिलं नाही.'

आणि ती पोरंही स्वतःलाच दोष देतात. माझा लॅपटॉप जुना, माझं नेट खराब, मला कॉम्प्युटर जमत नाही. त्या रात्री साडेदहाला मीही तेच म्हणत होतो. सात-आठ ओळींच्या बदलानं तोच जुना लॅपटॉप एकदम शहाणा झाला, तेव्हा कळलं की दोष माझ्या गरिबीचा नव्हता. लिहिणाऱ्यानं गृहीत धरलेल्या सोळा जीबीचा होता.

कोल्हापूर-सांगलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतनं दरवर्षी कितीतरी जण बाहेर पडतात आणि पुण्या-बेंगळुरूत कोड लिहायला लागतात. उद्या कुठल्या तरी अर्जाचं, निकालाचं, पीकविम्याच्या फोटोचं अपलोड तुमच्यातलंच कुणी लिहिणार आहे. कंपनी तुम्हाला चांगलं मशीन देईल. त्यावर सगळं चालेल. तेव्हा एकदा आठवा, हे बटण दाबणारा दुसऱ्या टोकाला कशावर बसलाय.

आज रात्री करून बघा

१. कुठलीही मोठी फाइल अपलोडला लावा आणि टास्क मॅनेजर उघडा. नेटवर्क शून्य आणि मेमरी चढत असेल तर समजा, बादली भरणं चाललंय.

२. स्वतःचा जुना प्रोजेक्ट काढा. फाइल एकदम वाचणारी ओळ शोधा आणि विचारा, ही फाइल दहापट मोठी झाली तर काय होईल?

३. तुकड्यांनी वाचणारा जनरेटर लिहा. क्लायंट असिंक असेल तर जनरेटरही असिंक हवा.

४. लांबी माहीत असेल तर कंटेंट-लेंग्थ लिहा. नसेल तर चंक्ड आहेच.

५. मधे रांग असेल तर मर्यादा घाला. रेंज जाणार असेल तर रिझ्यूमची सोय बघा.

६. आणि वर्गातल्या सगळ्यात जुन्या लॅपटॉपवर चालवून बघितल्याशिवाय 'झालं' म्हणू नका.

आमची डॉक्युमेंटरी वेळेत गेली. पुण्याच्या मित्रानं स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आता एक टीप लिहून ठेवलीय, 'चार जीबीवर तपासलेली.' आणि तपासायला दर वेळी लॅपटॉप मागतो तो माझाच. बदलायला सांगितलेला तोच म्हातारा.

गंगावेशेत दुधाचे पैसे मीच दिले. दोन ग्लास तिचे, एक माझा. एवढ्या शिकवणीला ही फी काहीच नाही, काय म्हणता?